मुलांची बोलण्याची जागा वाचवूया

प्रवेशाचा हंगाम आला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच चर्चा सुरू होते. सीईटीला किती पर्सेंटाइल मिळाले, कॅप राउंडमध्ये कोणतं कॉलेज लागेल, कॉम्प्युटर मिळेल की दुसऱ्या शाखेवर समाधान मानावं लागेल, फी किती, पॅकेज किती. कुणी कर्जाचे कागद गोळा करतं, कुणी सोनं गहाण ठेवतं, कुणी शेताचा तुकडा विकायला काढतं. एवढ्या चौकशीत एक प्रश्न मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही. माझ्या मुलावर तिथं अन्याय झाला, किंवा त्याला आतून सोसेनासं झालं, तर त्यानं कुणाकडे जायचं? आणि गेल्यावर त्याचं नुकसान होणार नाही, याची हमी कोण देणार?

खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना न घाबरता बोलता यावं यासाठी कायद्यानं काही जागा करून ठेवल्या आहेत. तक्रार निवारण समिती आहे, समुपदेशक आहे, विद्यार्थी परिषद आहे. या जागा कागदावर शाबूत आहेत आणि प्रत्यक्षात आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत. त्या वाचवायला हव्यात, त्याही आत्ता. पालक, शिक्षक, माजी विद्यार्थी, संस्थाचालक आणि खुद्द विद्यार्थी अशा सगळ्यांना ही हाक आहे.

इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही डिफॉल्टर लिस्ट, सबमिशन, टर्म ग्रँट, टर्म वर्क, ओरल, केटी, इयर डाऊन हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आईवडिलांना मात्र सांगायला हवेत. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये येतं. ती यादी नोटीस बोर्डावर लागते, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरते. जर्नलवर सही झाल्याशिवाय सबमिशन होत नाही, सबमिशन झाल्याशिवाय टर्म ग्रँट होत नाही आणि टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. टर्म वर्कचे गुण विषयशिक्षकाच्या हातात असतात. ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकाशेजारी बहुतेक वेळा तेच शिक्षक बसलेले असतात. विषय राहिला की केटी लागते आणि फार विषय राहिले की इयर डाऊन, म्हणजे वर्षच जातं.

यातला एकही नियम मुळात वाईट नाही. लेथवर उभ्या असलेल्या मुलाच्या शर्टाची बाही मोकळी असेल, तर त्याला दटावणारा शिक्षक त्याचा हात वाचवत असतो. हाय व्होल्टेज लॅबमध्ये शिस्त हवीच, प्रॅक्टिकल वेळेवर व्हायलाच हवीत, कॉपी करणाऱ्याला रोखायलाच हवं. अभियंत्याच्या चुकीनं पूल पडतो, बॉयलर फुटतो. त्यामुळे या शिक्षणात काटेकोरपणाला पर्याय नाही, हे निर्विवाद आहे.

पण आपल्या अनेक कॉलेजांत शिस्तीच्या नावाखाली जे चालतं, त्याचा पुलाशी आणि बॉयलरशी काही संबंध नसतो. दाढी वाढली म्हणून वर्गाबाहेर उभं करायचं. आयकार्ड विसरलं की दंड घ्यायचा. ताप होता असं सांगणाऱ्याकडून असाइनमेंट पुन्हा पहिल्यापासून हातानं लिहून घ्यायची. मुलगा आणि मुलगी कॅन्टीनमध्ये बोलताना दिसले की दोघांच्याही घरी फोन करायचा. आउटपास मागणाऱ्या मुलीला चार लोकांसमोर उलटतपासणीला उभं करायचं. वर्गासमोर बापाच्या कष्टांचा आणि फीचा उद्धार करायचा. आणि या सगळ्याच्या वर ते नेहमीचं वाक्य असतं: ‘तुझी टर्म कशी ग्रँट होते तेच बघतो.’

हे वाक्य ज्या मुलाच्या कानावर पडतं, त्याची परिस्थिती नजरेसमोर आणा. तो दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला असतो. पहिल्या वर्षी एम-वननं, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरनं, आणि ग्राफिक्सनं त्याला घाम फोडलेला असतो. वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारायची त्याला लाज वाटते. शिष्यवृत्ती उशिरा येते आणि फीचा तगादा त्याच्या मागे लागतो. घरी फोन केला की आई विचारते, ‘सगळं बरं चाललंय ना?’ तो ‘हो’ म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलं तर घरातला दिवस काळवंडेल हे त्याला माहीत असतं. अशा मुलाच्या घरी कॉलेजातून फोन जातो आणि चारशे किलोमीटरवरून वडील एक दिवसाची मजुरी बुडवून येतात. केबिनबाहेर तासभर उभे राहतात आणि हात जोडून माफी मागतात. बापाला हात जोडताना पाहणाऱ्या मुलाच्या मनाचं काय होतं, याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

आता मुळाशी जाऊ. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी कॉलेजात एक शिक्षक नेमलेला असतो. कुठे त्याला जीएफएम म्हणतात, कुठे मेंटॉर, कुठे टीचर गार्डियन. मुलानं अडचण त्याला सांगावी अशी अपेक्षा असते. पण तोच शिक्षक हजेरी मोजतो, तोच टर्म वर्कचे गुण देतो, तोच घरी फोन करतो आणि डिफॉल्टर लिस्टही तोच काढतो. त्याच्याविरुद्ध तक्रार असेल तर ती विभागप्रमुखाकडे, म्हणजे एचओडीकडे जाते आणि एचओडी त्यालाच बोलावून विचारतात. ऐकणारा आणि शिक्षा करणारा एकाच खुर्चीवर बसला असेल, तर कोणतं मूल तोंड उघडेल? कॉलेज स्वायत्त झालं की हा पेच आणखी घट्ट होतो. अभ्यासक्रम, पेपर आणि निकाल, सगळंच एका छताखाली येतं. स्वायत्तता शिक्षणाच्या भल्यासाठी आहे हे मान्य. पण तिच्याबरोबर निर्भय तक्रारीची सोय भक्कम झाली नाही, तर विद्यार्थ्याला दाद मागायला बाहेरचं कुणी उरत नाही.

ही व्यवस्था आली कुठून, हेही पाहायला हवं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी पुणे, मुंबई, सांगली, कराड, नागपूर अशा मोजक्या ठिकाणच्या थोड्या जागांवर सगळ्या राज्याची भिस्त होती आणि ऐपत असलेली मुलं कर्नाटकात जात होती. १९८३ नंतर तालुक्यांपर्यंत कॉलेजं पोचली. शेतकऱ्याची, एसटीच्या कंडक्टरची, गिरणी कामगाराची मुलं अभियंते झाली. हे ऋण विसरता कामा नये. पण अनुदान नाही म्हणजे सगळा गाडा फीवर चालणार, आणि फी देणारे आहेत पालक. मग जाहिरात मुलासाठी न होता पालकांसाठी होऊ लागली. ‘आमच्याकडे कडक शिस्त आहे’ हे माहितीपत्रकातलं विक्रीचं वाक्य बनलं. आणि आपण पालकांनी ते विकत घेतलं. प्रवेशाच्या दिवशी ‘सर, हाणला तरी चालेल, पण सुधारा याला’ असं म्हणणारे वडील याच महाराष्ट्रातले आहेत.

शिक्षकांनाही एकट्याला दोषी धरता येणार नाही. कित्येक जण कंत्राटी आहेत, पगार महिनोन्‌महिने रखडतात. नॅक आणि एनबीएच्या मानांकनाची कामं, प्लेसमेंटचे आकडे, प्रवेश आणून देण्याचं टार्गेट, सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. व्यवस्थापनासमोर शिक्षकाला बोलता येत नाही आणि शिक्षकासमोर विद्यार्थ्याला बोलता येत नाही. भीती वरून खाली झिरपत येते आणि सगळ्यात खाली अठरा वर्षांचं मूल असतं.

या भीतीची किंमत फार मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. २०२३ साली हा आकडा १३,८९२ झाला. दोन्ही वर्षी राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. यात शाळकरी मुलं आहेत आणि सगळ्या शाखांचे विद्यार्थी आहेत, त्यामुळे हा सगळा भार इंजिनिअरिंग कॉलेजांवर टाकणं अन्यायाचं होईल. आत्महत्येला कधीच एकच कारण नसतं. आजार, घरची परिस्थिती, एकटेपणा, अपयश असं बरंच काही एकत्र आलेलं असतं. पण अशा वेळी ऐकणारं माणूस हाताशी असेल तर पुष्कळदा जीव वाचतो. म्हणूनच ऐकणारं माणूस मुलांपासून दूर करणारी व्यवस्था निर्दोष ठरू शकत नाही.

केरळनं हे फार जवळून पाहिलं. जानेवारी २०१७ मध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. परीक्षेत कॉपी केल्याचा ठपका ठेवून त्याचा छळ झाला, असा आरोप घरच्यांनी आणि मित्रांनी केला. व्यवस्थापनानं तो फेटाळला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तपास सीबीआयकडे गेला. त्या मृत्यूनंतर राज्यभरच्या विनाअनुदानित कॉलेजांतली मुलं रस्त्यावर उतरली आणि दंड, अपमान, अंतर्गत गुणांच्या धमक्या यांच्या कहाण्या एकामागोमाग एक बाहेर आल्या. तोवर ती मुलं गप्प होती, कारण बोलायला जागाच नव्हती. महाराष्ट्रानं अशा एखाद्या दिवसाची वाट का पाहायची?

कायदा आपल्या बाजूनं आहे. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. वेगळा कायदा होईपर्यंत ती देशभरच्या शैक्षणिक संस्थांवर बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे. गुणांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, विद्यार्थ्याला चारचौघांत अपमानित करायचं नाही. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यायचं. मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गात आणि वसतिगृहात ठळकपणे लावायचे. त्याच वर्षी मार्च महिन्यात याच न्यायालयानं उच्च शिक्षणातल्या आत्महत्या रोखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम तर तक्रारीची वाटच आखून देतात. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी बसलेला हवा. समितीनं शक्यतो कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा. तिच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे ऑम्बुड्सपर्सनकडे अपील करता येतं. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवणं हेही त्या नियमांत तक्रारीचं कारण मानलेलं आहे. मुलींच्या वसतिगृहांबद्दल आयोगाच्या ‘सक्षम’ समितीनं २०१३ सालीच बजावलं होतं की सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींवर भेदभावाचे नियम लादू नयेत. हजेरीबद्दलही विचार बदलतो आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं विधी महाविद्यालयांपुरता का होईना, पण हजेरी कमी म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये असा निर्णय दिला.

मग अडतं कुठे? अंमलबजावणीत. एखाद्या कॉलेजच्या वेबसाइटवर तक्रार निवारण समितीची यादी सापडते, पण ती समिती कधी बसली हे मुलांना माहीत नसतं. समुपदेशक म्हणून ज्यांचं नाव लावलेलं असतं ते बऱ्याचदा त्याच कॉलेजातले शिक्षक असतात, अतिरिक्त कार्यभार सांभाळणारे. त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलाला संध्याकाळपर्यंत स्टाफरूममधून विचारणा होते. तपासणी पथक येणार असलं की फलक लागतात, फाइली सजतात, पथक गेलं की पुन्हा कुलूप. विद्यार्थी परिषदेची गोष्ट तर आणखी जुनी आहे. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्यानं त्या पुन्हा आणल्या, पण प्रत्यक्षात त्या पुढे पुढेच ढकलल्या गेल्या. आज अनेक कॉलेजांत ‘प्रतिनिधी’ म्हणजे व्यवस्थापनानं निवडलेला, गॅदरिंगचा मंडप सांभाळणारा मुलगा. त्यानं प्राचार्यांसमोर वर्गाची बाजू मांडावी अशी अपेक्षाच कुणी ठेवत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं. ‘आम्हीही मार खाल्ला, म्हणून घडलो. लाड केले की पोरं बिघडतात.’ ज्यांना असं वाटतं त्यांनी आपल्या वर्गातल्या सगळ्यांना आठवून पाहावं. जे घडले ते आज बोलतायत. जे मोडले, पहिल्याच वर्षी बॅग उचलून गावी गेले, ते या चर्चेत नसतातच. आणि अभियंता म्हणून घडणं म्हणजे काय? ‘हे डिझाइन चुकतंय’ असं साहेबाला तोंडावर सांगण्याची हिंमत हा अभियंत्याचा पहिला गुण आहे. चार वर्षं ‘मान खाली घाल’ असं शिकलेला मुलगा साइटवर खराब काँक्रीट दिसल्यावर आवाज उठवेल का? धाकानं हजेरी भरते, जर्नलं भरतात. पण प्रश्न विचारायची सवय मरते, आणि ती मेली की अभियांत्रिकी मेली.

म्हणून आता प्रत्येकानं आपापल्या जागेवरून हात लावायला हवा.

पालकांनो, प्रवेश घेताना आणि प्रत्येक पालक सभेत पाच गोष्टी विचारा. पूर्णवेळ, प्रशिक्षित समुपदेशक आहे का, आणि तो कोणत्याही विषयाचे गुण देत नाही ना? तक्रार निवारण समितीची शेवटची बैठक कधी झाली? विद्यापीठाच्या लोकपालाचं नाव आणि संपर्क कुठे लावला आहे? दंड कोणत्या लेखी नियमानं घेतला जातो आणि त्याची पावती मिळते का? टर्म नाकारण्याआधी मुलाची बाजू लेखी ऐकली जाते का? उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी मागा. एकट्यानं विचारलं तर टाळतील, दहा जणांनी मिळून विचारलं तर टाळता येणार नाही. आणि घरी एक वाक्य स्पष्ट बोला: ‘केटी लागली, वर्ष गेलं, तरी तू आम्हाला हवा आहेस.’ मनात असतंच, असं समजून गप्प राहू नका. मुलाला ते ऐकू येऊ द्या.

शिक्षकांनो, तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, तरी तुमच्या केबिनपुरतं राज्य तुमचंच आहे. डिफॉल्टर लिस्ट ग्रुपवर टाकण्याऐवजी त्या मुलाला बाजूला बोलावून ‘येत का नाहीस?’ एवढं विचारा. घरी फोन करण्याआधी मुलाला सांगा. सलग गैरहजर राहणारा, जेवण सोडणारा, अचानक गप्प झालेला मुलगा हा शिस्तीचा प्रश्न आहे असं गृहीत धरू नका. टर्म वर्कचे निकष सत्राच्या पहिल्याच आठवड्यात लेखी जाहीर करा, म्हणजे मर्जीचा संशयही राहणार नाही. असं वागणारे शिक्षक आजही प्रत्येक कॉलेजात आहेत आणि त्यांच्याच बळावर कित्येक मुलं तरली आहेत. त्यांनी एकेकटं न राहता एकत्र यावं, हीच विनंती.

संस्थाचालकांनो, समुपदेशकाचा पगार तुमच्या एका जाहिरात मोहिमेपेक्षा जास्त नसतो. तो नेमा, त्याला विभागांच्या अखत्यारीबाहेर ठेवा, त्याच्या नोंदी गोपनीय राहतील हे लिहून द्या. तक्रार करणाऱ्याच्या गुणांवर परिणाम झाला तर चौकशी होईल, असं परिपत्रक काढा. वर्षाकाठी किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या हे नावं न देता प्रसिद्ध करा. तक्रारी शून्य असलेलं कॉलेज आदर्श असतं असं नाही, तिथली मुलं घाबरलेलीही असू शकतात.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमचं टर्म वर्क आता कुणाच्या हातात नाही. तुम्ही पुण्यात असा, बंगळुरूत असा की टेक्सासमध्ये, कॉलेज तुम्हाला प्लेसमेंटसाठी आणि देणगीसाठी बोलावतं. तिथं जाल तेव्हा समुपदेशकाची खोली दाखवा म्हणा. माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर आणा. तुमच्या शब्दाला वजन आहे, ते धाकट्या भावंडांसाठी वापरा.

सरकारनं आणि विद्यापीठांनीही हातावर हात ठेवून बसू नये. संलग्नता आणि स्वायत्तता देताना ही व्यवस्था कागदावर न पाहता प्रत्यक्ष मुलांशी, व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत बोलून तपासा. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका घ्या. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर द्या, म्हणजे तगादा मुलाच्या उंबरठ्यावर येणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यावर सगळा भार टाकायचा नाही. पण एकमेकांना सोडू नका. रूममेटचं वागणं बदललं आहे असं वाटलं तर विचारा, पुन्हा विचारा. जगणं नको वाटतंय असं तो म्हणाला तर ते गमतीत घेऊ नका, त्याला एकटं सोडू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं. तो आत्ताच मोबाइलमध्ये जतन करा. तक्रार करायची असेल तर चौघं मिळून, लेखी करा, तारीख घाला, पोच घ्या, प्रत जपून ठेवा. मदत मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात कमीपणा काहीच नाही.

यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, मोर्चाही लागत नाही. लागतात ते विचारणारे लोक. येत्या पालक सभेला जा. ते पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. शेजारी बसलेल्या अनोळखी पालकाला त्याची प्रत द्या आणि दोघं मिळून उभे राहा. एका कॉलेजानं उत्तर दिलं की दुसऱ्याला द्यावं लागेल. मुलांना बोलण्याची जागा देण्याचं काम कायद्यानं केलं आहे. ती उघडी ठेवण्याचं काम आपलं आहे, आणि ते याच सत्रात सुरू करूया.